बाजाराच्या दिवशी मी वाचनालयात का नसतो

तुम्ही नेहमी विचारता ना, की एरवी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसणारा हा माणूस ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी मात्र समोरच्या टपरीवर चहा का पीत बसतो? सांगतो. फजिती माझीच आहे, पण हसण्याआधी पूर्ण ऐका.

तीस वर्षं बातमीदारी केली. अन्याय मला लांबून दिसतो. कधीकधी नसलेलासुद्धा दिसतो, ही त्यातली गोम!

त्या दिवशी मी आत पेपर वाचत होतो. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची एक बाई आली, हातात भाजीची पिशवी. ग्रंथपाल कुमरे मॅडमच्या कानाशी काहीतरी बोलली. मॅडमने तिला थेट मागच्या कपाटाआड स्टुलावर नेऊन बसवलं.

आम्ही सगळे पंख्याखाली, आणि तांड्यावरची बाई कपाटाआड? माझं डोकं फिरलं. त्यात मॅडम कुजबुजत प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. वाचनालय आहे की पोलीस चौकी?

मी ताडकन उठलो.

"मॅडम, या बाईला कोपऱ्यात काहून बसवलं?"

"साहेब, तुमी बसा. मी त्यायचं पाहून राह्यली."

"काय मागते ती? सांगा सगळ्यांसमोर!"

"वाचकानं काय मागतलं, ते मी दुसऱ्याले सांगत नाही."

मला? ज्याला पाहून तहसील कार्यालयात खुर्च्या सरकतात, त्याला?

बाई हाताने 'राहू द्या, राहू द्या' म्हणत होती. मी समजलो, घाबरली बिचारी. "भिऊ नको बाई, मी आहे!" असं म्हणून तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि उघडलेल्या पानाचा मथळा खणखणीत आवाजात वाचला, "वडिलांच्या जमिनीत मुलींचा हक्क!" आणि वर विचारलं, "हे वाचायला कपाटाआड बसावं लागतं?"

टाळ्या पडतील असं मला वाटलं. पडला तो एक पेपर, खिडकीजवळच्या माणसाच्या हातातून.

"काहून वं?" तो उठलाच. "सोमवारी तुया भाऊ हक्कसोडावर सही घ्याले नेऊन राह्यला, अन् तू इथं कायदा वाचून राह्यली? घरी तं भाजी आनाले जातो म्हनलं न?"

तो तिचा चुलतभाऊ निघाला.

बाईने पदर पुढे ओढला, पिशवी उचलली आणि निघून गेली. तो मागोमाग. बाप गेलेला, भाऊ सही मागतोय, आणि सही करण्याआधी आपण काय सोडतोय, एवढंच तिला वाचायचं होतं. एक पान. ते पान हातात धरून मी उभा होतो.

"मॅडम, तिचं नाव-गाव सांगा. जाऊन माफी मागतो."

"वाचकाचं नाव सांगत नाही."

"अहो, तिच्या भल्यासाठी!"

"आत्ताही भल्यासाठीच बोंबलले न, साहेब?"

मी पुस्तक मिटून मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

तो सोमवार मी कसा काढला, मलाच ठाऊक. पुढच्या बाजाराला पेपराआड तोंड लपवून बसलो होतो, तेवढ्यात दारातून तिचाच आवाज आला.

"बाई, तो पेपरवाला हाय काय आत?"

"हाय," मॅडम म्हणाल्या.

बघा! कुणाचीही माहिती न देणाऱ्या मॅडमने माझी मात्र एका शब्दात दिली.

ती दारातच थांबून हळूच म्हणाली, "सही केली नाई म्या. ताप आला म्हनलं. पन या सोमवारी पुन्हा नेतेत. ते पान दाखवता काय?"

मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. मॅडमला सांगावंही लागलं नाही.

तेव्हापासून हा दिवस तिचा आणि ही टपरी माझी. ती येते, आत जाते, तासाभराने निघते. तिने सही केली की नाही? मला माहीत नाही. विचारलं नाही. 'विचारलं नाही' हे वाक्य माझ्या तीस वर्षांत पहिलंच!

आता हसा. पण जरा हळू. कारण समोर बघा, कुमरे मॅडमने वाचनालयाची खिडकी आत्ताच आतून लावून घेतली.

मी फार मोठ्याने सांगत होतो का हो?