एकाच टोकाला बांधलेला पत्रा

सरोजिनी नगरच्या बाजारात पडद्यांचा भाव करत होते तेव्हा फरिदाबादहून आईचा फोन आला. "बाबा गेले. छपरावरून नाही गं, खाटेवरून." मग म्हणाली, "वरून पडून गेले असते तर त्यांना बरं वाटलं असतं." मी पडदे घेऊनच निघाले... खोटं कशाला सांगू? त्याला आता दीड महिना झाला.

बाबा वर्ध्याकडचे, सातवी शिकलेले. दिल्लीला येऊन लोखंडी पत्र्यांच्या छपरांचे मिस्त्री झाले. काम स्टँडिंग सीमचं. म्हणजे पत्र्यात एकही भोक पाडायचं नाही. कडा उभ्या वळवून शेजारच्या पत्र्याशी घडी घालून दाबायच्या, आणि त्या घडीत लपलेल्या क्लिपांनी पत्रा धरून ठेवायचा. मेच्या उन्हात लांब पत्रा वाढतो, जानेवारीत आखडतो. म्हणून तो एकाच टोकाला पक्का बांधायचा, बाकीच्या क्लिपा सरकत्या. उरलेल्या पत्र्यांतून त्यांनी आमच्या गच्चीवर मला अभ्यासाला एक खोली करून दिली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी त्या पत्र्याखाली मिळवली, सिव्हिल इंजिनिअरिंगची. त्याचा मला गर्व आहे. त्यांनाही असेल, कधी बोलले नाहीत.

पानिपतचं ब्लँकेटचं गोदाम हे माझं पहिलं मोठं काम, आणि कंत्राटदारानं छपराला नेमकं बाबांनाच आणलं. पहिल्या दिवशी मालकानं विचारलं, "मॅडम, ये कौन हैं?" बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "फिटर हैं. मिस्त्रीजी." त्या दिवसापासून बाबा मला घरीसुद्धा मॅडम म्हणायला लागले. "मॅडम, भाजी वाढू का अजून?" आई हसायची. मी ताट पुढे करायचे.

माझ्या नकाशात पत्र्याच्या दोन्ही टोकांना पक्क्या क्लिपा होत्या. चूक माझी. बाबांनी नकाशा नीट बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि त्यात होतं तसंच्या तसं छप्पर घातलं. मेमध्ये पत्रे फुगले, घड्या उकलल्या, एका वादळात ब्लँकेटचे गठ्ठे चिंब भिजले आणि माझी नोकरी गेली. घरी येऊन मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"फिटर इंजिनिअरला काय सांगणार? सही तुमची होती, मॅडम." आणि ते जेवत राहिले.

वर्षभर मी घरी बसले. मग दुसऱ्या कंपनीत लागले, छपरं तपासण्याच्या कामावर. मागच्या हिवाळ्यात नोएडाला एका सभागृहाचं छप्पर तपासायला शिडी चढून गेले, तर वर बाबा. त्यांच्या उजव्या हाताची पकड गेलीय, हे आईनं मला सांगितलं होतं. ते नेहमीसारखं अंगठ्याचं नख घडीवरून फिरवत माझ्यापुढे चालले होते. एका जागी नख थांबलं. घडी नखभर उघडी होती. त्यांनी मागे वळून बघितलं आणि कितीतरी वर्षांनी, अगदी हळू, म्हणाले, "पोरी, दहा मिनिटं दे. दाबून देतो."

त्यांची सगळी माणसं ऐकत होती. मी म्हणाले, "मिस्त्रीजी, काम रिजेक्ट है." अहवालात लिहिलं, मिस्त्री बदलावा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं... तपासायला दुसरा कुणी असता तर दहा मिनिटं थांबला असता, हेही खोटं नाही. नंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. ते खाटेवर पडले ते पडलेच. मी भेटायला जायचे तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे.

गेल्या रविवारी मी अभ्यासाच्या खोलीच्या छपरावर चढले. एकेका घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, पन्हाळीपासून माथ्यापर्यंत. एक तरी उघडी सापडावी, एवढंच मागत होते. सापडली नाही. ऊन उतरलं तसा पत्रा आखडायला लागला. माझ्या पायांखाली टक्, टक् करत सरकत राहिला, एकाच टोकाला बांधलेला, बाकी मोकळा.

आई खाली शिडी धरून उभी होती.

"काय, मॅडम?" तिनं विचारलं. "पास की नापास?"