फांदी धरणारा हात

पन्नासच्या दशकात अंधेरीला आमच्या चाळीमागे एक जास्वंद होती, एक शेवगा होता, आणि वारा असा की फांदी क्षणभर स्वस्थ राहील तर शपथ. ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मी निसर्गचित्राचा सराव करायची, तेव्हा आई फांदी धरून उभी राहायची.

"हलू नकोस ना गं!" मी डाफरायची.

"आटप लवकर. तिकडे भात लागतोय."

भात लागायचाच. वडील निमूटपणे खायचे.

ड्रॉइंगच्या मास्तरांचं एकच सांगणं होतं, दिसतं तेच काढा, मनातलं काढू नका. मी ते इतकं मनावर घेतलं की किडीने पाडलेली भोकंसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. पण परीक्षेत नुसती फांदी ठेवतात, हात नसतो. म्हणून आईची बोटं असायची तिथे मी बोटंही काढायची नाही, त्यांच्याआड झाकलेला देठही नाही; तेवढी जागा कोरी सोडायची.

एका पावसाळ्याच्या अखेरीस आई टायफॉइडने गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा. घरात एकच होता, लग्नातला. त्यात तिने मान इतकी खाली घातलेली की भांग आणि मुंडावळ्या तेवढ्या दिसतात.

आत्या म्हणाली, "ही एवढी झाडंपानं काढते, आईला नाही का काढणार?"

वडिलांनी पेन्सिलीला टोक काढून ती माझ्यापुढे ठेवली.

शेवग्याचं पान डहाळीला कुठे फुटतं ते मी डोळे मिटून काढलं असतं. आईच्या भुवया जाड होत्या की बारीक? आठवेना. कपाळ काढलं, कुंकू काढलं, नाक काढलं, आणि कागदावर कुणी भलतीच बाई आली. वडिलांनी पाहिलं. म्हणाले, "राहू दे, बाळ." मी हमसून हमसून रडले. शेवटी हार त्या लग्नाच्या फोटोलाच घातला.

आजही रोज सकाळी मी एखादं पान, एखादी डहाळी काढते. घरी कुणी आलं की आधी त्याचं तोंड नीट बघून घेते. माणसं अवघडतात. अवघडू देत.

परवा जुने कागद काढले. प्रत्येक फांदी मध्येच थांबलेली, खाली बोटं मावतील एवढी कोरी जागा. आई कुठे धरायची ते तिथे बरोबर कळतं. चेहरा मात्र आजही आठवत नाही.