शपथेशिवायचा शब्द

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मुलीला सांगायची गरजच नव्हती — ती तिथेच होती. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि आता सुरुवात केली नाही तर पुन्हा काहीतरी काम आठवेल, डाळ भिजत घालायची राहिली असेल, आणि हे राहून जाईल. इतकी वर्षं असंच राहून गेलंय.

सुरुवात बिशपांपासून करावी लागेल. हसू नका, सासरीही सगळे हसायचे. पुण्याला मी इतिहासात एम.ए. केलं, आणि माझा खास विषय होता अँग्लो-सॅक्सन राजे आणि त्यांच्या दरबारातले धर्मगुरू. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड! याचा संसारात काय उपयोग? नवऱ्याला सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली, आम्ही सेरंगूनला फ्लॅट घेतला, आणि माझ्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या.

मग माझी सई पंधरा वर्षांची झाली आणि बुकित तिमाहच्या तिच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये निबंधाला नेमका तोच विषय आला — राज्यकारभारात बिशपांचा वाटा किती? खरं सांगू? मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं. स्टुलावर चढून मी वह्या खाली काढल्या.

सईच्या वर्गात मुक्ता होती. आमच्याच ब्लॉकमध्ये, चार मजले खाली राहायची. तिचे वडील चांगी बिझनेस पार्कमध्ये इंजिनिअर होते, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आलेले. आई मेधा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. "ताई, मुक्तालाही बसवाल का सईबरोबर? तिला इतिहासाचं फार वेड आहे हो," असं तिनं विचारलं, आणि मी मोठ्या मनानं हो म्हटलं. मोठं मन दाखवायला मला तेव्हा फार आवडायचं.

तीन शनिवार मी दोघींना शिकवलं. राजाला बिशप का लागत? लिहिता-वाचता त्यांना येई म्हणून. राजाचे कायदे लिहायला तेच, सल्लागारसभेत बसायला तेच, जमिनीच्या दानपत्रावर सहीऐवजी काढलेला साक्षीचा क्रूस त्यांचाच. न्यायसभेत बिशप सरदाराच्या शेजारी बसे. आणि राज्याभिषेकाच्या वेळी आर्चबिशप राजाकडून आधी वचन घेई — लूटमार थांबवीन, न्यायाबरोबर दया ठेवीन. सई जांभया देत होती. मुक्ता मात्र विचारत सुटली होती. राजानं वचन मोडलं तर? बिशपच खोटं बोलला तर? मी म्हटलं, बाळा, ते परीक्षेला येत नाही.

शेवटच्या शनिवारी मी जुन्या वहीतला एक उतारा दोघींना सांगितला. आठ-दहा वाक्यं, इंग्रजीत. सावकाश, स्वल्पविरामासकट. आमच्या वेळी हेच शिक्षण होतं ना? सर नोट्स सांगत, आम्ही मान खाली घालून उतरवून घेत असू आणि पेपरात शब्दन् शब्द लिहून येत असू. जितकं हुबेहूब, तितके जास्त मार्क. तो उताराही माझा नव्हताच, सरांचा होता. सरांनी कुठून घेतला होता, देव जाणे.

मुक्तानं विचारलं होतं, "काकू, same same लिहायचं? Teacher won't scold, ah?"

मी म्हटलं, "अगदी असंच लिही. एक शब्द बदलू नकोस."

हे माझं वाक्य मला नीट आठवतं. तिनं एकही शब्द बदलला नाही. सईनंही नाही.

पंधरा दिवसांनी शाळेतून फोन आला. दुपारची वेळ होती. उपमुख्याध्यापिकेच्या खोलीत आम्ही दोघी आया आणि दोघी मुली. टेबलावर दोन्ही निबंध शेजारी-शेजारी, आणि तोच उतारा दोन्हींत पिवळ्या शाईनं रंगवलेला. बाई शांतपणे म्हणाल्या की कुणीतरी कुणाचं तरी उतरवलंय, आणि या शाळेत ती चोरी धरतात.

मुक्ता लगेच म्हणाली, "काकूंनी dictate केलं. Both of us."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता हे इथे सांगायला हवं — त्याच ऑफिसात माझा अर्ज पडून होता. इतिहासाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. इतक्या वर्षांनी माझी पदवी फळीवरून खाली यायची होती. आणि मी काय सांगणार होते? की मी मुलींना तयार उतारे देते? की सईचा निबंधही सईचा नाही?

मी म्हणाले, "मी फक्त विषय समजावला होता. सईनं तिचं तिनं लिहिलं. मुक्तानं तिची वही पाहिली असेल."

एवढंच. दहा सेकंदंही लागली नसतील. मला वाटलं होतं बाई काही विचारतील, वही मागतील. त्यांनी मान डोलावली. मी एम.ए., मी मोठी, मी नीट इंग्रजी बोलणारी — मला कोण विचारणार? सईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्यासाठी खोटं बोलले, असं स्वतःला पटवून पाहिलं. पटलं नाही. सईचं नाव मी पुढे केलं, वाचवलं स्वतःला.

त्या उताऱ्यातलं चौथं वाक्य सांगू? त्या काळच्या एका कायद्याप्रमाणे राजाचा आणि बिशपचा शब्द शपथेशिवायही खरा मानला जाई. मीच सांगितलं होतं. स्वल्पविरामासकट.

मुक्ताला निबंधात शून्य मिळालं, आणि तिच्या शाळेच्या नोंदीत चोरीचा शेरा लागला. पुढच्या वर्षीच्या इतिहासाच्या खास वर्गासाठी तिची निवड झाली होती, ती रद्द झाली. तिनं तो विषयच सोडला. मला नोकरी मिळाली. नऊ वर्षं मी त्याच शाळेत इतिहास शिकवला, दर वर्षी बिशपही शिकवले, पण ते वाक्य वगळून. सई माझ्याशी बोलते, फोन करते, सगळं ठीक आहे. अभ्यासातलं मात्र तिनं मला पुन्हा कधीही काही विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. नाही — शाळेतलं मी घाबरून बोलले. त्याहून वाईट ते, जे मी अजिबात न घाबरता केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मेधा, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, आणि मागे मुक्ता. मेधाचे डोळे सुजले होते. "ताई, तुम्ही इतक्या प्रेमानं शिकवलंत आणि हिनं तुमचंच नाव घेतलं. मला तोंड दाखवायला जागा नाही उरली." मग मागे वळून, "मुक्ता, काकूंना सॉरी म्हण."

मुक्तानं मान वर केली. ती माझ्याकडे बघत राहिली — रागानं नाही, वाट बघितल्यासारखी. आत माझी ती उताऱ्याची वही टेबलावरच होती. दार उघडंच होतं. मला फक्त दोन पावलं मागे जायचं होतं.

"Sorry, काकू," ती म्हणाली.

मी डबा घेतला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं. पुन्हा असं करू नकोस."