दारावरून गेलेली पालखी

मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. रत्नागिरीत छोटं दुकान आहे, गाव तिथून तासाभरावर. कमी बोलणारा म्हणून लोक मला ओळखतात, आणि या धंद्यात ते चालून जातं. पण एक गोष्ट कधीच सांगून टाकायला हवी होती. यंदा सांगितली, म्हणून आता लिहायलाही भीती वाटत नाही.

आमच्या भागात एक मोठा प्रकल्प येणार अशी हवा झाली, तेव्हा विरोधाचं आंदोलन उभं राहिलं. मी त्यात होतो. प्रकल्प मला तेव्हा नको होता, आजही नकोय. त्याबद्दल माफी मागत नाही. प्रचाराच्या क्लिप बनवणं माझ्याकडे होतं. आमचे पुढारी हुशार. म्हणाले, "भाषण नको टाकू. भाषण आलं की लोक अंगठ्याने पुढे सरकवतात. पालखी दिसली की थांबतात."

पालखीचं चित्रण माझ्याकडे होतंच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. प्रत्येक दारात गावचे मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतात, ह्या घराचं भलं कर, इडापिडा टाळ, आणि मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." मागच्यांना पुढचे निम्मे शब्द ऐकूही येत नाहीत. मानकऱ्यांचा आवाज थांबला की व्हय म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

एका सभेत पुढारी गाऱ्हाण्याच्या चालीत बोलले होते, "जो कोण प्रकल्पाला जमीन देईल, त्याच्या दारात पालखी न येवो." सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. मी त्या कापल्या आणि तिथे माझ्या गावचं "व्हय म्हाराजा" जोडलं. वर पालखीचं चित्र, खाली ढोल, म्हणजे बोलणारा कोण ते ओळखू येऊ नये. दुकानात चहा पिता पिता झालेलं काम.

क्लिप केबलवर लागली, मुंबईला गेली, तिथल्या चाकरमान्यांनी ती परत गावाकडे पाठवली. मुंबईहून आली म्हणजे खरीच, असं आमच्याकडे असतं. हे गाऱ्हाणं कधी घातलं, असं कोणी विचारलं नाही. पालखीबरोबर सगळ्या दारांत कोण हजर असतो? ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी दारात झालं असेल. गावाने देवाला शब्द दिलाय, एवढं मात्र सगळ्यांनी धरलं.

त्याच वर्षी माझ्या सख्ख्या चुलतीने डोंगरावरचा कातळाचा तुकडा प्रकल्पाला विकला. काका नाहीत, मुलगा जयगडला बंदरात कामाला, आणि त्या कातळावर गवतापलीकडे काही येत नव्हतं. पुढच्या शिमग्यात पालखी तिच्या घरावरून सरळ पुढे गेली. काकीने अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती, ओटीचं ताट हातात होतं. मी समोरच होतो, कॅमेरा खांद्यावर. तिला चित्रात येऊ दिलं नाही, एवढंच मी केलं.

पुढचे दोन शिमगे तसेच गेले. दोन्ही वेळा काकी ताट घेऊन उभी. "चुकून वळली तर?" म्हणायची. एव्हाना प्रकल्प बारगळला होता, पुढारी फोन उचलत नव्हते. तो शब्द मात्र गावात राहिला.

यंदा पालखी निघायच्या आदल्या दुपारी काकीकडे गेलो. बोटांना तेल लावून ती ओले काजू सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली.

"मना कशाला सांगतंस?" म्हणाली. "मना सांगून पालखी येणाराय?"

"काकी, चुकलो."

"ता कळलं. काजू ने घरी. नि उद्या सहाणेवर बोल."

सहाण म्हणजे पालखी विसावते तो चौथरा. सकाळी तिथे सगळा गाव जमला होता. मी बोललो. पुरावा म्हणून फोनवर सभेचं मूळ चित्रण लावलं, टाळ्यांसकट. मग मागून एकजण म्हणाला, "माझ्या लगनात सासरा हसताना दाखवलंयस. तो तरी हसला हुता काय रे?"

लोक हसले.

मानकरी खाली बघत म्हणाले, "मना पयल्याच दिवशी कळलं हुतं. गाऱ्हाणं मी घालतो, मना नाय कळणार?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"प्रकल्प मनापण नको हुता."

एवढं बोलून ते उठले आणि नारळ हातात घेतला. "बा म्हाराजा, लेकरांकडून चूक झाली, माझ्याकडून झाली, ती पदरात घे. जी घरं राहिली, त्यांच्या दारात चल."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. मीही म्हणालो. चित्रणात आपला आवाज येतो म्हणून इतकी वर्षं मी ओठ मिटूनच उभा राहायचो.

काकीच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, पालखी वळली. "सावकाश रे, रांगोळी पुसाल," ती खांदेकऱ्यांवर ओरडली, आणि ओटी भरून झाल्यावर मला शोधत आली.

"काढलंस ना सगळं?"

कॅमेरा घरीच राहिला होता. तसं सांगितलं.

"एवढी वर्षं नको तेवा काढलंस," ती म्हणाली. "जाव दे. फुडच्या वर्षी काढ."