ढेरपोट्या

कारंज्याच्या एसटी स्टँडामागच्या गेम पार्लरमध्ये एक पोरगा बस येईपर्यंत माझ्यासोबत खेळायचा. मारामारीच्या गेममध्ये एक ढेरपोट्या पहिलवान होता, मुद्दाम हसण्यापुरता बनवलेला. लाथ मारायला गेला की स्वतःच आपटायचा. हा पोरगा नेहमी तोच घ्यायचा, आणि ढेरपोट्या पडला की स्वतःही खुर्चीवरून अर्धा घसरायचा. सगळ्यात तगडा गडी घेऊन मी त्याला रोज हरवायचो, तरी पोरं गोळा व्हायची ती त्याच्या खुर्चीमागे. माझा नुसता जळफळाट.

एकदा त्याच्याआधी मीच ढेरपोट्या घेतला. कोणी हसलं नाही.

तो हळूच म्हणाला, "तुमी त्याले जिंकवून राह्यले, भाऊ. पडू द्या ना त्याले."

मी नाहीच पडू दिलं. जिंकलो, आणि वळून पाहिलं. माझ्या खुर्चीमागे कोणी नव्हतं.