माझंच वाक्य मी आज खोडलं

मित्रांनो, आज दुपारी नाशिकच्या एका कॉलेजात माझं भाषण चालू असताना पहिल्या रांगेतली मुलगी चक्कर येऊन पडली.

तिचं नाव शबाना. रोज पहाटेच्या एसटीने येवल्याहून येते. पाणी पाजून विचारलं, "बेटा, सकाळपासून काय खाल्लंस?"

"ही काय खाणार, सर? हिच्या टाइमटेबलात जेवणच नाहीये!" मैत्रीण म्हणाली.

"जेवत बसलं की एक धडा मागे पडतो, सर. परीक्षा आठवड्यावर आलीय," शबाना पुटपुटली.

मी तिच्या वहीतलं टाइमटेबल पाहिलं. सगळीकडे अभ्यासच, आणि वर लाल शाईत लिहिलेलं, 'भूक आणि झोप विसरतो, तोच घडतो.'

ते वाक्य माझं होतं. गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून गरजलो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या.

मी ते तिथेच खोडलं. म्हणालो, "चुकलो मी. स्वतःला उपाशी ठेवणं ही शिस्त नव्हे." तिने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'एक वाजता डबा.' मग मैत्रिणीच्या डब्यातली पोळी तोडता तोडता विचारलं, "सर, तुम्ही जेवलात?"

तीन वाजले होते. मीही जेवलो नव्हतो. तिने डबा माझ्याकडे सरकवला.

माझं ते वाक्य तुमच्यापैकी कुणाच्या वहीत असेल, तर आजच खोडा. आणि खरं सांगा, आज वेळेवर जेवलात का?