एका विहिरीचे प्रेक्षक

“प्रेक्षकांची नावनिशीवार यादी पाठवा. त्याशिवाय फिल्म मिळणार नाही.”

विद्यापीठाच्या लायब्ररीचं पत्र दोन ओळींचं होतं. आमच्या नंदुरबारच्या वाचनालयाचे चिटणीस भाऊसाहेब ते वाचून माझ्याकडे, त्यांच्या हाताखालच्या पोराकडे, बघत बसले.

“अर्जात काय खरडलं होतंस रे?”

“हॉलला दारं किती, असं विचारलं होतं. मी लिहिलं, चारी बाजूंनी मोकळं. खुर्च्या किती? जमीन पुरेल तेवढ्या.”

“नाटक कंपनीत का नाही गेलास?”

“गेलो होतो. त्यांनीच इकडं पाठवलं.”

भाऊसाहेब हसले नाहीत. फिल्म नारूची होती. खांडबाऱ्यापलीकडे डोंगरात एक गाव. तिथं पायऱ्यांची विहीर. लोक पाण्यात उतरून घागर भरायचे, आणि दर उन्हाळ्यात निम्मं गाव पायातून हातभर दोरा निघतोय म्हणून आडवं. मिशनचे डॉक्टर सांगून थकले, की हा दोरा म्हंजे जंत, तो पाण्यातूनच येतो, पायऱ्या बुजवा. कोणी ऐकेना. डॉक्टरांकडे मोटारीच्या बॅटरीवर चालणारं फिल्म दाखवायचं मशीन होतं, फिल्म नव्हती; ती मागवायला त्यांनी आमच्या वाचनालयाला सांगितलं. विद्यापीठाकडे फिल्म होती, पण पंधरा दिवसांनी ती दुसऱ्या कॉलेजला जाणार होती. म्हंजे यंदाचा उन्हाळा गेलाच.

आता हे राईटचं, म्हंजे दाखवायच्या हक्काचं, प्रकरण सांगतो. फिल्मचं रीळ हातात आलं म्हणून दाखवता येत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा कोणीही बघावा, वर बसायचं तर मालकाला विचारावं लागतं, तसंच. फिल्म काढणाऱ्या कंपनीनं विद्यापीठाला फिल्म दिली ती ‘क्लोज्ड ऑडियन्स’साठी. म्हंजे ठरलेली, बोलावलेली माणसंच बघणार. रस्त्यावरचा कोणीही येऊन बसला, की तो जाहीर खेळ झाला. त्याचा हक्क वेगळा, तो आम्हाला कोण देतो?

मी यादी करायला गावात गेलो. वही काढली आणि अंगण रिकामं झालं. लढाईचे दिवस. कागदावर नाव चढलं की पलटणीत नेतात, असं लोक धरून चालले होते.

मी म्हटलं, हसवून बघू. तलाठ्याची नक्कल केली. त्याचं खाकरणं, चष्मा पुसणं, ‘अंगठा कुठंय?’ विचारणं. पोरं लोळली हसून. तेवढ्यात एक म्हातारा काठी आपटत उठला.

“इतली बरोबर नक्कल? मंग तू त्यान्हाच माणूस शे!”

उरलेलेही उठून गेले. नाटक कंपनीत एवढी दाद मिळाली असती तर वाचनालयात आलोच नसतो.

एकटी रूथबाई राहिली. मिशनच्या शाळेत झाडलोट करायची. घरी तिची बोली वेगळी, पण बाजारामुळे अहिराणी चांगली.

“भाऊ, नाव कसाले लिखस?”

मी सगळं सांगितलं. तिनं विहिरीकडे हात केला.

“हाई विहीरनं पाणी पेणारं गाव. इतलंच लिख ना! दुसरं कोण पेस हाई पाणी?”

मी तिथंच बसून विद्यापीठाला पत्र लिहिलं. ह्या वेळी गंमत केली नाही. लोक नाव का देत नाहीत, ते लिहिलं. रूथबाई म्हणाली ते लिहिलं. खेळ शाळेच्या खोलीत होईल, तिला दार एकच आहे, हेही लिहिलं.

आठव्या दिवशी खांडबारा स्टेशनावर पार्सल उतरलं. सोबत विद्यापीठाच्या ग्रंथपालसाहेबांची चिठ्ठी: “एका विहिरीचे पाणी पिणारी कुटुंबे हा ठरलेला प्रेक्षकवर्ग आहे, असे मी कंपनीस तारेने कळवले. त्यांनी मान्य केले. बाहेरचा कोणी घेऊ नये. फिल्म तीन दिवस ठेवावी.”

माझ्यासारख्या पोराच्या पत्रासाठी त्या माणसानं तार केली होती. मी चिठ्ठी दोनदा वाचली, मग डॉक्टरांना दिली.

नाव लिहायचं नाही म्हटल्यावर गाव खेळाला आलं. दारात रूथबाई उभी. बाजारातला एक दुकानदार घुसायला लागला. तिनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला.

“शेटजी, एक घोट पे, मंग बठ.”

“नको माय, मी जातो.”

बाहेरचा माणूस आपल्या विहिरीच्या पाण्याला भितो, हे आतल्या लोकांनी पाहिलं. मला वाटतं, निम्मं काम तिथंच झालं.

फिल्म मुकी होती. बोलायचं काम माझं. मी कोणाचाही आवाज काढला नाही. पडद्यावर पाण्याचा एक थेंब आला. त्यात पाण्यातल्या बारीक पिसवा उड्या मारत होत्या. मग फोड आलेला पाय पाण्यात बुडाला आणि फोडातून दुधासारखं काहीतरी सुटलं. मी सांगितलं, ही नारूची पिल्लं; पिसवा ती खातात, आणि पाण्याबरोबर पिसवा आपल्या पोटात जातात. काठीवाल्या म्हाताऱ्यानं आपला चिंधी बांधलेला पाय हळूच धोतराखाली घेतला.

“परत दखाड,” तो म्हणाला.

तीन दिवसांत सहा वेळा दाखवली. चौथ्या दिवशी मी रीळ स्टेशनावर नेत होतो, तेव्हा गाव पायऱ्यांवर दगड टाकत होतं. वर लाकडी रहाट बसला. नारू एका वर्षात जात नाही, पुढच्या उन्हाळ्यातही काही जण आजारी पडले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र डॉक्टरांकडे त्या गावातून नारूचा एकही माणूस आला नाही.

ग्रंथपालसाहेबांना मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे त्यांची नक्कल मला येत नाही. आली असती तरी केली नसती. त्यांचे आणि रूथबाईचे उपकार आहेत. धंद्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच: अर्जातल्या रकान्यात आपलं गाव बसत नसलं, तर गाव कसं आहे ते सरळ लिहावं. पलीकडेही माणूसच बसलेला असतो. निदान माझ्या वेळी तरी होता.